परसांतील विजेचा नांगर

ज्या वाचकांना घराभोवतीं चार हात मोकळी जागा लाभली आहे, आणि त्या जागेंत वांगीं-टोमॅटोंचे दोन वाफे असावेत अशी ज्यांची हौस आहे, त्यांना मृगापूर्वीं माती खणण्याचा प्रसंग दरसाल येतोच. हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. वैशाखाच्या उन्हानें माती विटेसारखी कठीण झालेली असते. कुदळ आपटली म्हणजे हाताला झिणझिण्या येतात. आणि अर्धा वाफा होतो न होतो तोंच कंबर आपलें अस्तित्व सांगूं लागते. आम्हीं हे कष्ट बरींच वर्षें केले व करविले. परंतु साठी जवळ आल्यावर कुदळीवरील आमची श्रद्धा कमी झाली, आणि दोन वर्षांपूर्वीं आम्हीं विजेच्या तारेवर चालणारा एक लहान टिलर विकत घेतला.

टिलर म्हणजे माती उकरणारें यंत्र. आमच्या यंत्राचें वजन बारा किलोंच्या आंतबाहेर असेल. चौदाशें वॅटची मोटार, तिच्या खालीं आडव्या कण्यावर लोखंडी नखांचीं चक्रें, धरावयास सायकलसारखा दांडा, आणि मागें शेपटीसारखी लांबच लांब तार, इतका हा संसार. मोटार मिनिटास हजारों फेरे घेते. दांतेचाकांच्या साह्यानें तो वेग उतरवून नखांना मिनिटास दोन-तीनशें फेऱ्यांचा वेग देतात, आणि वेग जितका उतरतो तितका नखांचा जोर वाढतो. खटका दाबला कीं नखें माती फोडीत पुढें धांवूं लागतात. नवशिका मनुष्य यंत्र पुढें ढकलावयास जातो व तेथेंच फसतो. कारण नखें स्वतःच यंत्राला पुढें ओढीत असतात, आणि माती खोल उकरली जावी म्हणून माणसानें करावयाचें तें एवढेंच कीं यंत्राला मागें धरून ठेवावें. खोंडाला कासऱ्यानें आवरावें तसाच हा प्रकार आहे. जमीन फार कठीण असेल तर एकाच खेपेला खोल जाण्याचा हट्ट धरूं नये. पहिल्या खेपेला दोन बोटें, दुसऱ्या खेपेला चार, असें बेताबेतानें उतरावें.

तारेचें शास्त्र निराळेंच आहे. ज्या भिंतीवर प्लग असेल त्या भिंतीपासून कामास आरंभ करून दूर दूर जावें. तार नेहमीं आपल्या पाठीशीं, उकरून झालेल्या मातीवर पडलेली असावी. आणि शक्य तर ती खांद्यावरून घ्यावी, म्हणजे नखांपाशीं येत नाहीं. लांब तार जोडावयाची तर ती जाड असावी. चक्रावर गुंडाळलेलीच ठेवून काम करूं नये, कारण सहा अँपिअर वीज अशा गुंडाळींतून तासभर गेली तर आंतल्या वेढ्यांतील उष्णतेला बाहेर पडावयास वाट राहत नाहीं व वरचें रबर मऊ पडतें. अमेरिकेंत घरगुती वीज आपल्याकडील २३० व्होल्टांच्या निम्म्या दाबाची असते. तेथें त्याच कामास दुप्पट वीज वाहावी लागते आणि त्याच तारेंत चौपट उष्णता होते. म्हणून तेथील बागवानांस तारेच्या जाडीची काळजी आपल्याहून अधिक करावी लागते.

आमच्या ओळखीच्या मंडळींनीं यंत्र पाहून दोन तऱ्हेचे अभिप्राय दिले. तरुणांचें म्हणणें, आतां बॅटरीचीं यंत्रें मिळतात, पेट्रोलचीं मिळतात, मग हें शेपूट कशाला घेतलेंत? वृद्धांचें म्हणणें, हें नवें खूळ किती दिवस टिकणार? दोघांचाहि समज एकच होता, कीं तारेला बांधलेला नांगर ही कोणीतरी अलीकडे काढलेली क्लृप्ति आहे. वस्तुस्थिति उलट आहे. पेट्रोलच्या ट्रॅक्टरानें शेतांत पाऊल टाकण्यापूर्वीं विजेची तार तेथें पोंचली होती. आणि तारेच्याहि आधीं तेथें दोर होता.

इंग्लंडांत वाफेचीं एंजिनें खाणींत व गिरण्यांत राबूं लागून बराच काळ लोटला, तरी नांगर घोड्यांच्याच मागें चालत होता. अडचण बळाची नव्हती, वजनाची होती. एंजिन शेतांत घातलें तर तें रुतें. न रुतलें तर चाकांखालची माती दडपून टाकी. म्हणजे जमीन मऊ करावयास आणलेलें यंत्र आधीं ती घट्ट करणार आणि मग फोडणार! या कोड्याला जॉन फौलर नांवाच्या गृहस्थानें उत्तर दिलें तें असें, कीं एंजिन शेतांत न्यावयाचेंच नाहीं. तें बांधावर उभें ठेवावें आणि पोलादी दोर टाकून नांगर तेवढा शेतांतून ओढावा. हा नांगर तराजूच्या दांडीसारखा दुतोंडी असे. एका टोंकाचे फाळ मातींत असले कीं दुसऱ्या टोंकाचे हवेंत, त्यामुळें कडेला पोंचल्यावर तो वळविण्याचें कारण पडत नसे. १८५८ सालीं चेस्टर येथें रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचें ५०० पौंडांचें बक्षीस फौलरला मिळालें. पुढें शेताच्या दोन्ही बाजूंस एकेक एंजिन ठेवून आळीपाळीनें नांगर ओढण्याची पद्धति रूढ झाली. फौलर १८६४ सालीं, वयाच्या ३८ व्या वर्षींच वारला; त्याच्या पद्धतीचीं एंजिनें मात्र विसाव्या शतकांतहि बांधावर उभीं राहून धूर सोडीत होतीं.

या दोराच्या जागीं तार आली ती फ्रान्समध्यें. ग्राम नांवाच्या बेल्जियन कारागिरानें वीज उत्पन्न करणारें एक चांगलें यंत्र बनविलें होतें. १८७३ सालीं व्हिएन्नाच्या प्रदर्शनांत अशीं दोन यंत्रें तारेनें जोडलीं असतां असें दिसून आलें, कीं एकानें उत्पन्न केलेल्या विजेवर दुसरें आपोआप फिरूं लागतें. म्हणजे बळ एका जागीं निर्माण करावें आणि दुसऱ्या जागीं खर्च करावें, ही गोष्ट शक्य झाली. यानंतर सहाच वर्षांनीं, १८७९ च्या मे महिन्यांत, मार्न प्रांतांतील सर्मेझ या गांवीं क्रेत्यँ व फेलिक्स या दोघांनीं विजेनें शेत नांगरून दाखविलें. तेथें बीटाच्या साखरेचा कारखाना होता. बीटाचा हंगाम आटोपला कीं अशा कारखान्याचें एंजिन कित्येक महिने थंड पडून राहतें. आपल्याकडे गाळप संपल्यावर उसाच्या कारखान्यांची जी कळा होते तीच. त्या एंजिनावर ग्रामचीं यंत्रें फिरवून वीज तारेनें कांहीं शें मीटर दूर शेतावर नेली. शेताच्या दोन्ही कडांस मोटारी बसविलेल्या गाड्या उभ्या केल्या. आणि त्यांच्या रहाटांनीं फौलरच्या धर्तीचा दुतोंडी नांगर इकडून तिकडे ओढला.

त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशीं बर्लिनच्या प्रदर्शनांत वेर्नर सीमेन्सची पहिली विजेची आगगाडी ३०० मीटरच्या वर्तुळावर फिरूं लागली. त्या गाडीची हकीकत शाळकरी पुस्तकांतून आजहि वाचावयास मिळते. सर्मेझच्या नांगराची आठवण मात्र तज्ज्ञांखेरीज कोणाला राहिली नाहीं. आम्हांला हा न्याय विपरीत वाटतो. गाडींत बसणारा मनुष्य मौजेसाठीं बसला होता. नांगराला पोट होतें.

तथापि हा नांगर मागें कां पडला हें उघड आहे. तांबें महाग, शेतें दूर, आणि वीज उत्पन्न करणारें एंजिन ज्याच्या पदरीं नाहीं त्याला तारेचा उपयोग शून्य. जर्मनींतील मोठ्या जमीनदारांनीं पुढें कांहीं काळ विजेचे नांगर चालविले. लहान शेतकऱ्याच्या आवांक्यांतील ती गोष्ट नव्हती. इतक्यांत पेट्रोलचें एंजिन आलें. त्याला ना दोर लागे ना तार. तें स्वतःचें बळ स्वतःच्या पोटांत घेऊन हिंडूं लागलें आणि बांध हा शब्दच त्याला उरला नाहीं.

येथवर आलेला नांगर कसाहि ओढला तरी तो नांगरच होता. म्हणजे तो मातीचा पट्टा कापून उलटा करी, आणि मागून कुळव-मैंद फिरवून ढेंकळें फोडावीं लागत. हीं दोन्ही कामें एका खेपेंत करावीं, नांगर ओढण्यापेक्षां नखेंच फिरवावीं, ही कल्पना स्वित्झर्लंडांत बाझल येथील कोन्राड फॉन मेयेनबुर्ग यानें १९१० च्या सुमारास यंत्रांत उतरविली. त्याचा परवाना जर्मनींतील सीमेन्स-शुकर्ट या कंपनीनें घेतला. कंपनी विजेची, तेव्हां तिचीं पहिलीं यंत्रें विजेच्या मोटारीवर व तारेवर चालणारीं असावींत हें स्वाभाविकच होतें. नखें स्प्रिंगांवर बसविलेलीं असत, त्यामुळें दगड लागला तर तीं मोडण्याऐवजीं मागें सरत. म्हणजे आमच्या परसांतील खेळण्याचा मूळ पुरुष जन्मतःच तारेला बांधलेला होता. ती तार लौकरच सुटली. पेट्रोलच्या यंत्रांनीं तिची जागा घेतली, आणि जिनिव्हाच्या सिमार कंपनीसारखे दुसरे कारखानदारहि या जातीचीं यंत्रें करूं लागले.

याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकाला, ऑस्ट्रेलियांतील गिलगांड्रा येथें, आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड नांवाचा तरुण १९१२ पासून बापाच्या शेतावर असेच प्रयोग करीत होता. त्याच्या पहिल्या पात्यांनीं माती बाजूला उडे. तेव्हां त्यानें इंग्रजी एल् अक्षरासारखें वांकविलेलें पातें काढलें. त्यानें १९२० सालीं त्याचें पेटंट व १९२२ सालीं कंपनी काढली, आणि १९३८ सालीं इंग्लंडांत येऊन दुसरा कारखाना घातला. आजच्या बहुतेक टिलरांचीं पातीं याच घराण्यांतील आहेत. अमेरिकेंत हा माल नेणारा केल्सी हा पूर्वाश्रमींचा मोटारवाला; तेथें यंत्राला 'रोटोटिलर' हें नांव मिळालें, तर हॉवर्डच्या यंत्राचें 'रोटाव्हेटर' हें नांव इंग्रजी लिपींत उलट वाचलें तरी तेंच राहतें. आमच्याकडील विलोमकाव्याच्या भोक्त्यांनीं याची नोंद घ्यावी.

हॉवर्ड हें नांव निघालें आहे तर एक घोटाळा टाळला पाहिजे. मातीच्या इतिहासांत हॉवर्ड दोन आहेत. दुसरा ॲल्बर्ट हॉवर्ड. हा १९२४ ते १९३१ पर्यंत इंदुरास वनस्पति-संशोधन संस्थेचा प्रमुख होता, आणि पालापाचोळा व शेण यांपासून कंपोस्ट खत करण्याची जी 'इंदूर पद्धति' जगभर गेली ती त्याची. त्या पद्धतीचें १९३१ सालीं प्रसिद्ध झालेलें पुस्तक त्याच्या एकट्याचें नाहीं. यशवंत वाड या त्याच्या सहकाऱ्याचें नांव त्यावर जोडीनें छापलेलें आहे. होळकरांच्या राजधानींत झालेल्या या कामांतील वाडांचा वाटा आपल्याकडेहि फारसा कोणी सांगत नाहीं, म्हणून येथें मुद्दाम सांगितला. एका हॉवर्डनें माती फोडण्याचें पातें दिलें, दुसऱ्यानें तिच्यांत काय मिसळावें तें सांगितलें. दोघांची भेट झाली असती तर कोणती चर्चा झाली असती, असें पुष्कळदां मनांत येतें.

पेट्रोलनें सोडविलेली तार पुन्हां टिलराच्या मागें लागली ती घराघरांत वीज आल्यावर, आणि केवळ बागेपुरती. ज्या जागेची लांबीच तारेएवढी, तेथें तार ही अडचण राहत नाहीं. परंतु या परत येण्यांत एक धोका होता. ओल्या मातींत उभा असलेला मनुष्य, हातांत विजेचें यंत्र, आणि त्या यंत्रालाच आपली तार कापण्यास योग्य अशीं धारदार नखें: विजेसाठीं यापेक्षां वाईट जागा शोधून सांपडणार नाहीं. या बाबतींत कॅलिफोर्निया विद्यापीठांतील चार्ल्स डाल्झील याचें ऋण फार मोठें आहे. विजेचा किती प्रवाह हातांतून गेला असतां मनुष्याला मूठ सोडतां येत नाहीं, हें त्यानें स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजलें. पुरुषांच्या बाबतींत हा आंकडा सरासरीनें एका अँपिअरच्या सहस्रांशाच्या सोळा पट भरला. आमची मोटार याच्या सुमारें पावणेचारशें पट वीज खाते. म्हणजे नेहमींचा फ्यूज वितळण्याची वाट पाहणें म्हणजे मृत्यूची वाट पाहणें. म्हणून डाल्झीलनें १९६१ सालीं निराळी युक्ति पुढें आणली. तारेंतून गेलेली वीज व परत आलेली वीज यांची सारखी तुलना करावी. पांच सहस्रांश अँपिअर जरी कमी परतली तरी ती कोठेंतरी भलत्या वाटेनें, कदाचित् माणसाच्या देहांतून, गेली असें समजावें व तत्क्षणीं प्रवाह तोडावा. दक्षिण आफ्रिकेंतील सोन्याच्या खाणींसाठीं व युरोपांत अशींच साधनें त्यापूर्वीं कांहीं वर्षें निघालीं होतीं. आपल्याकडे घराच्या बोर्डावर जो तीस मिलिअँपिअरचा खटका बसवितात तो याच कुळांतला.

हें सर्व आम्हीं पुस्तकी ज्ञान म्हणून लिहीत नाहीं. आमच्या घराची वायरिंग ज्यानें केली त्यानें 'हा खर्च कशाला, काका?' म्हणून तो खटका गाळला होता. टिलर आणला तेव्हां चिरंजीवांनीं हट्टानें तो बसवून घेतला. त्यानंतर तिसऱ्याच आठवड्यांत, शेवग्याच्या बुंध्याशीं वळण घेतांना, आम्हीं यंत्र मागें ओढीत दोन पावलें मागें सरलों, तार नखांत आली, एक ठिणगी दिसली, आणि यंत्र गप्प झालें. पायांत साध्या चपला होत्या, खालीं सकाळचें शिंपलेलें पाणी होतें. घरांतून 'लाईट गेली वाटतं!' असा आवाज आला. आम्हीं बराच वेळ कांहीं बोललों नाहीं. यंत्र चालू असतां मागें मागें चालूं नये, हा नियम त्या दिवसापासून आमच्या घरीं सर्वांना पाठ आहे.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. फौलरपासून आमच्यापर्यंत सर्वांनीं हा जो खटाटोप केला तो माती बारीक व्हावी म्हणून. पण माती बारीक कशासाठीं करावयाची? या प्रश्नाला स्पष्ट उत्तर देणारा प्रसिद्ध मनुष्य म्हणजे इंग्लंडांतील जेथ्रो टल. हा शिकला वकिली, पण शेतीकडे वळला. बाजाच्या पेटीच्या आंतील रचनेवरून सुचून त्यानें बीं पेरण्याचें यंत्र केलें. फ्रान्स व इटलींतील द्राक्षमळ्यांत खत न घालतां नुसती ओळींमधली माती खुरपून वेली पोसतात हें त्यानें पाहिलें, आणि १७३३ च्या आपल्या ग्रंथांत असा सिद्धांत मांडला कीं झाडें मातीचे सूक्ष्म कणच खातात. मुळांच्या तोंडांत मावतील इतके ते बारीक करून देणें हेंच शेतकऱ्याचें काम. या हिशेबानें जितकी अधिक धूळ तितकें अधिक अन्न. सिद्धांत चुकीचा होता. झाडाच्या देहाचा मोठा भाग हवेपासून व पाण्यापासून बनतो हें जिनिव्हाच्या द सोस्यूरनें १८०४ सालीं दाखवून दिलें. पण टलच्या पद्धतीनें पीक मात्र खरोखरच चांगलें येई, कारण खुरपणीनें तण मरे व मातींत हवा खेळे. खोट्या कारणानें मिळालेलें खरें फळ फार दिवस लोकांच्या मनांतून जात नाहीं. माती पिठासारखी झाली म्हणजे ती चांगली, ही समजूत टलबरोबर गेली नाहीं. ती आमच्याहि डोक्यांत होती.

दख्खनच्या शेतकऱ्याची रीत याहून सावध होती. त्याचा वखर माती उलटीत नाहीं. पातें वरच्या थराखालून सरकतें, तण कापतें, आणि वर मातीची सैल गादी राहते. शिवाय तो 'वाफशा'ची वाट पाहतो. वाफसा म्हणजे पाऊस मुरल्यानंतर मातीची ती अवस्था, कीं जींत ती पायाला चिकटत नाहीं आणि हातांत दाबली तर फुटते. हा दिवस ज्याला कळतो त्याला अर्धी शेती कळली, असें आम्हीं थोरांच्या तोंडून ऐकत आलों. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर काढला तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशा समजुतीनें शेतकरी तो घेईनात, आणि पहिले नांगर खपावयास दोनेक वर्षें लागलीं, ही गोष्ट महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. लोखंडानें विष होत नाहीं हें उघडच आहे. आणि काळ्या जमिनींत खोल गेलेली हरळी व कुंदा उपटण्यास लोखंडी नांगराएवढा दुसरा मित्र शेतकऱ्याला मिळाला नाहीं, हेंहि तितकेंच खरें. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली ती या विश्वासावर. आम्ही त्या भित्र्या शेतकऱ्यांना हंसत हंसतच लहानाचे मोठे झालों. आज तितकें हंसूं येत नाहीं. त्यांचें कारण चुकलें होतें, पण जमीन फाडण्यापूर्वीं विचार करावा ही त्यांची वृत्ति चुकली होती असें म्हणवत नाहीं.

कारण अमेरिकेंत ती वृत्ति नव्हती, आणि काय झालें तें जगानें पाहिलें. पहिल्या महायुद्धांत व नंतर गव्हाच्या भावानें हुरळून तेथील मध्य मैदानांतलें हजारों वर्षांचें गवत ट्रॅक्टरांनीं उखडलें गेलें. १९३० नंतर पाऊस रुसला. मुळांनीं धरून ठेवलेली माती आतां सुटी धूळ होती. १४ एप्रिल १९३५, रविवार, या दिवशीं तिच्या काळ्या भिंती उठल्या आणि भर दुपारीं रात्र झाली. त्याच महिन्यांत तेथील सरकारनें मृत्संधारणाचा कायदा केला. १९४३ सालीं एडवर्ड फॉकनर या शेतकी प्रचारकाच्या 'प्लाउमन्स फॉली' या पुस्तकानें तर नांगरालाच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें. माती उलटून पालापाचोळा खोल गाडणें हाच मूळ अपराध, तो वरच्या थरांतच मिसळला पाहिजे, असें त्याचें म्हणणें. त्याच्या न्यायानें टिलर निर्दोष सुटावयास हवा, कारण टिलर माती उलटीत नाहीं, मिसळतो. आम्हीहि प्रथम असेंच समजलों.

आमच्या वाफ्यांची साक्ष मात्र निराळी पडली. पहिल्या वर्षीं पीक असें आलें कीं शेजाऱ्यांना वांगीं वांटतां वांटतां पुरेवाट झाली. याचा अर्थ पुढें कळला. माती ढवळल्यानें एकाएकीं भरपूर हवा आंत जाते. तींतील सूक्ष्म जीव सांठलेला ह्युमस भराभर खाऊं लागतात व त्यांतून झाडांना नत्र मिळतें. हें उत्पन्न नव्हे, मुद्दल मोडून खाणें आहे. दुसऱ्या वर्षीं हौसेनें आम्हीं तेच वाफे तीन वेळां फिरवून माती रव्यासारखी केली. मृगाची पहिली मोठी सर आली, थेंबांनीं ते सुटे कण लिंपून टाकले, आणि ऊन पडतांच वाफ्यावर पापुद्रा धरला. गवारीचे कोंब त्याखालीं वांकडे होऊन मेले. कोंकणांतील भातखाचरांत चिखलणीला हेंच हवें असतें. तेथें १९६० नंतर जपानी धर्तीचे पॉवर टिलर आले ते मातीची घडण मुद्दाम मोडून पाणी धरून ठेवण्यासाठीं. तेंच पातें तेंच काम आमच्या परसांतहि करीत होतें. फरक एवढाच कीं आम्हांला भात लावावयाचा नव्हता.

दुसरी शिक्षा लव्हाळ्याची. आमच्याकडे आठवड्यांतून दोनदां येणारे माळीबुवा यंत्र आलें त्याच दिवशीं म्हणाले होते, 'काका, ह्यानं माती मोकळी होईल, पण लव्हाळाबी मोकळा होईल.' आम्हीं तें म्हाताऱ्याचें कुरकुरणें समजलों. लव्हाळ्याच्या गांठी जमिनींत जपमाळेसारख्या एका तंतूंत ओंवलेल्या असतात. माळ अखंड असतां पुढची गांठ फुटते व मागच्यांना निजवून ठेवते. माळ तुटली कीं प्रत्येक मणी जागा होतो. आमच्या नखांनीं वाफाभर माळा तोडल्या होत्या. श्रावणांत तेथें वांग्यांपेक्षां लव्हाळा दाट होता. माळीबुवा कांहीं बोलले नाहींत, ही त्यांची थोरवी.

हें होत असतां आम्ही चार्लस डार्विनचें गांडुळांवरील १८८१ चें पुस्तक वाचीत होतों. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर एकरीं वर्षाला दहा टनांहून अधिक कोरडी माती गांडुळांच्या पोटांतून जाऊन वर येते, असा त्याचा अंदाज आहे. नांगर हें मनुष्याचें फार जुनें व मोलाचें अवजार खरें, पण त्याच्या कितीतरी आधींपासून जमीन गांडुळें नांगरीत आलीं आहेत, असें तो शेवटीं म्हणतो. आम्हीं उठून वाफ्यांत खुरपें घातलें. जेथें टिलर फिरला नव्हता त्या कर्दळीच्या आळ्यांत एका ओंजळींत सात गांडुळें मिळालीं. तीन वेळां फिरविलेल्या वाफ्यांत दोन, आणि त्यांतलें एक अर्धें.

तेव्हां टिलर टाकून दिला काय? नाहीं. कुंपणालगत बांधकामाच्या वेळीं पडलेल्या मुरमाची एक पट्टी होती. तींत कुदळहि शिरेना. यंदा वळवाचा पाऊस झाल्यावर वाफसा येईपर्यंत आम्हीं पांच दिवस थांबलों, वर चार बोटें कंपोस्ट पसरलें, आणि एकदांच, बेताबेतानें, तेवढी पट्टी उकरून घेतली. अर्ध्या तासांत तें काम झालें. कुदळीला आठवडा लागला असता, आणि आमच्या कंबरेला त्याहून अधिक. जुन्या वाफ्यांवर पालापाचोळा घालून ते झांकून टाकले आहेत. माळीबुवा लव्हाळ्याच्या गांठी खुरप्यानें एकेक काढून डब्यांत गोळा करतात व डबा भरला कीं आम्हांला आणून दाखवितात. टिलर पुसून पडवींत टांगला आहे. त्याची ती तीस मीटर तार गणपतींत गल्लींतील मुलांनीं मंडपाच्या दिव्यांसाठीं मागून नेली. ती अद्याप परत आलेली नाहीं.